दोन सरकारी ऑफिसांत मालावरून वाद लागला तर भांडारापासून कोर्टापर्यंत काय काय करायचं

हे लिहितोय ते भांडारपाल, लेखा शाखेतले लोक आणि कार्यालयप्रमुख यांच्यासाठी, कारण दोन सरकारी ऑफिसांत माल कुणाचा यावरून जुंपते तेव्हा पहिल्यांदा अडकतात ते हेच, वकील फार नंतर येतो. माल म्हणजे काहीही, औषधं, कॉम्प्युटर, गाडी, जनरेटर, सिमेंट, ताडपत्र्या, कागदाची रिमं. मागणी एकाची, उतरला दुसऱ्याच्या गोदामात, पैसे तिसऱ्याच्याच लेखाशीर्षातून, म्हणजे बजेटमधल्या खर्चाच्या खात्यातून, गेलेले. मग दोन्हीकडून पत्रं सुरू होतात, पत्रागणिक भाषा चढत जाते, आणि हा माल नक्की कोणाच्या हक्काचा या साध्या प्रश्नाचं उत्तर कागद पुढे ठेवून कुणीच देत नाही. तोपर्यंत माल बंद खोलीत पडून असतो आणि ज्या लोकांसाठी तो घेतला ते रांगेत उभे असतात, मला या सगळ्यात खरा त्रास याचाच होतो.

सगळ्यात आधी बघायचं ते हे, की समोरचं ऑफिस कायद्याच्या नजरेत तुमच्यापेक्षा वेगळं आहे का. बहुतेक जण इथेच घसरतात. एकाच राज्य सरकारचे दोन विभाग, समजा सार्वजनिक बांधकाम आणि जलसंपदा, यांच्या पाट्या वेगळ्या, सचिव वेगळे, बजेट वेगळं, पण कोर्टात ते दोन नाहीत. राज्यघटनेचं कलम ३०० आणि दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ७९ सांगतं की सरकारनं दावा लावायचा किंवा सरकारवर लावायचा तर तो राज्याच्या नावानं, केंद्र असेल तर भारतीय संघराज्याच्या नावानं. म्हणजे तुमच्या विभागानं दुसऱ्या विभागावर दावा ठोकला तर वादी महाराष्ट्र राज्य आणि प्रतिवादीही महाराष्ट्र राज्य, असा दावा उभाच राहू शकत नाही. सुप्रीम कोर्टानं २००३ मध्ये आंध्र प्रदेशच्या मुख्य वनसंरक्षक विरुद्ध जिल्हाधिकारी या केसमध्ये हे अगदी कडक शब्दांत सांगितलंय, वाद जमिनीचा होता, वन विभाग आणि महसूल विभाग एकमेकांविरुद्ध गेले होते, आणि कोर्टाचं म्हणणं असं की विभाग हे एकाच सरकारचे अवयव आहेत, त्यांनी आपसातला वाद सरकारच्या पातळीवरच मिटवायचा, त्यासाठी यंत्रणा उभी करायची, एकानं दुसऱ्याविरुद्ध हायकोर्टात रिट घेऊन यायचं नाही. तत्त्व मालालाही तेच लागू. तेव्हा दोन्हीकडे एकच सरकार असेल तर वकिलाची फी, नोटीस, दावा हा विषय डोक्यातून काढा, तुमचा रस्ता फाइलीचा आहे.

पण जिल्हा परिषद ही स्वतंत्र निगम संस्था आहे, महानगरपालिका पण, एसटी महामंडळ, विद्यापीठ, वीज कंपनी, गृहनिर्माण प्राधिकरण हे सगळे कायद्यानं स्वतंत्र व्यक्ती आहेत, त्यांना स्वतःच्या नावानं दावा लावता येतो आणि त्यांच्यावर लावता येतो. इथे गंमत नाही, खरंच गोंधळ होतो, कारण एकाच तालुक्यात ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्य चिकित्सकांच्या अखत्यारीत म्हणजे थेट राज्याचं, आणि शेजारच्या गावातलं प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं, बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सरकारी दवाखानेच. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर एकाचे दुसरीकडे गेले की हा फरक एकदम महत्त्वाचा होतो. त्यामुळे पहिल्या दिवशीच फाइलीवर एका ओळीत लिहून टाका, आपण कोण, समोरचा कोण, दोघं एकाच सरकारचे की वेगळ्या कायद्यानं बनलेले.

केंद्र विरुद्ध राज्य असेल तर राज्यघटनेचं कलम १३१ आहे, असे वाद थेट सुप्रीम कोर्टात जातात. पण त्यात एक पाचर आहे आणि ती मालाच्याच केसमधून आलीय. बिहार सरकारनं गंडक प्रकल्पासाठी लोखंड आणि पोलाद मागवलं होतं, रेल्वेनं आलं, ते कमी भरलं अशी तक्रार. बिहारनं रेल्वेची मालक म्हणून केंद्र सरकारवर आणि सोबत हिंदुस्थान स्टीलसारख्या कंपनीवर थेट सुप्रीम कोर्टात दावे लावले. कोर्टानं दावे परत केले, योग्य त्या कोर्टात जा म्हणून, कारण १३१ फक्त सरकारासरकारांतल्या वादासाठी आहे, त्यात कंपनी पक्षकार म्हणून बसत नाही, मग ती सरकारी मालकीची का असेना. हा निकाल एआयआर १९७० मध्ये, म्हणजे ऑल इंडिया रिपोर्टर या निकालसंग्रहात, छापलेला आहे, तुमच्या वादात केंद्राची एखादी कंपनी असेल तर विधी शाखेला तो आवर्जून दाखवा.

आता हक्काचं. माल ज्याच्या गोदामात त्याचा, हे चूक. ज्यानं पैसे दिले त्याचा, हेही दरवेळी बरोबर नाही. मी बघायला सांगेन ते कागद या क्रमानं: आधी प्रशासकीय मान्यता, ती कुठल्या योजनेसाठी आणि कुठल्या कार्यालयासाठी दिलीय. मग निधी वितरणाचा आदेश आणि लेखाशीर्ष, आहरण व संवितरण अधिकारी, म्हणजे बिल काढून पैसे देणारा, कोण होता. मग खरेदी आदेश, त्यात खरेदीदार कोण लिहिलाय आणि माल पोचवायचा पत्ता कुणाचा. मग चलन, म्हणजे मालासोबत येणारा कागद, आणि त्यावरची पोच. शेवटी साठा नोंदवही, आणि टिकाऊ वस्तू असेल तर जडवस्तू संग्रह नोंदवही, जिला सगळे डेडस्टॉक रजिस्टर म्हणतात. हे पाचही एकाच नावाकडे बोट दाखवत असतील तर वाद मुळात नाहीच, नुसता हट्ट आहे. जिथे ते वेगवेगळ्या नावांकडे बोट दाखवतात तिथे खरा प्रश्न, आणि माझ्या मते अशा वेळी मान्यतेचा आदेश सगळ्यात वजनदार धरावा, कारण हा माल कशासाठी आणि कोणासाठी हे सरकारनं ठरवलं ते तिथे, बाकीचे कागद त्या ठरवण्याची अंमलबजावणी आहेत.

चलन नीट बघा, फोटोकॉपी नको, मूळ प्रत मागा. त्यावर खाली डाव्या कोपऱ्यात जो शिक्का मारलाय तो कुणाचा, सही कुणाची, सहीखाली पदनाम आहे का, "माल मिळाला" एवढंच लिहिलंय की "मोजून, तपासून मिळाला" लिहिलंय. पुष्कळदा शिक्का असतो एका ऑफिसचा आणि सही त्या दिवशी गेटवर ड्युटीला असलेल्या शिपायाची, आणि सगळं भांडण त्या एका सहीवर उभं असतं. अशी सही माल उतरल्याचा पुरावा आहे, मालकीचा नाही. ताबा वेगळा, मालकी वेगळी, पत्रात हे दोन शब्द कधीही एकमेकांच्या जागी वापरू नका कारण पुढे तुमचंच पत्र तुमच्यासमोर धरलं जातं.

जेमवरून, म्हणजे सरकारी खरेदीच्या ऑनलाइन पोर्टलवरून, खरेदी असेल तर अजून एक गोष्ट. जेममध्ये खरेदीदार, माल घेणारा म्हणजे कन्साइनी, आणि पैसे देणारा या भूमिकाच वेगळ्या आहेत. कन्साइनीनं माल तपासून स्वीकारल्याचं जे सर्टिफिकेट काढायचं असतं, ज्याला सीआरएसी म्हणतात, ते त्याच्या लॉगिनमधून निघतं. आता मुख्यालयानं खरेदी केली, कन्साइनी म्हणून सोयीसाठी एकाच ऑफिसचं नाव टाकलं आणि माल वाटायचा होता पाच ऑफिसांना, तर त्या एका ऑफिसला वाटायला लागतं सगळा आपलाच. तिथे मूळ मागणीपत्रांची बेरीज आणि वाटपाचा तक्ता शोधा, तो जेमवर नसतो, तो मुख्यालयाच्या नस्तीत, म्हणजे फाइलीत, असतो, त्यामुळे ऑर्डरची प्रिंट घेऊन भांडायला जाण्याआधी मुख्यालयाकडून नस्तीतल्या टिपणीची प्रत मागा. गाडी असेल तर आरसी बुक कुणाच्या नावानं आहे, विमा कोण भरतं आणि लॉगबुक कुणाकडे, तिन्ही.

केंद्राच्या कार्यालयांना सामान्य वित्तीय नियम २०१७ लागू आहेत, त्यात टिकाऊ मालमत्तेसाठी जीएफआर २२ आणि वापरून संपणाऱ्या वस्तूंसाठी जीएफआर २३ असे नोंदवहीचे नमुने आहेत, आणि वर्षातून किमान एकदा प्रत्यक्ष पडताळणी करायचीच असते. महाराष्ट्रात मुंबई वित्तीय नियम १९५९ आणि खरेदीसाठी १ डिसेंबर २०१६ चा शासन निर्णय. वाद झाला की मागच्या काही वर्षांचे पडताळणी अहवाल काढा. समोरच्यानं दोन वर्षं आपल्या पडताळणीत ती वस्तू दाखवलीच नसेल आणि आज हक्क सांगत असेल तर ते तुमच्या बाजूनं फार मोठं बोलतं, आणि उलट तुम्ही दाखवली नसेल तर ते आधीच माहीत असलेलं बरं.

थोडं बाजूला जाऊन सांगतो, कारण मला हे खूप शिकवणारं वाटतं. राज्यं फुटतात तेव्हा सरकारी मालाचं काय करायचं हे संसदेला कायद्यातच लिहावं लागतं. २०१४ च्या आंध्र प्रदेश पुनर्रचना कायद्यात मूळ नियम असा की जमीन आणि साठा ज्या हद्दीत आहे त्या राज्याकडे जातो, आणि विशिष्ट संस्था, वर्कशॉप किंवा चालू कामासाठी ठेवलेला साठा ती संस्था किंवा ते काम जिथे, तिथे जातो. १९६० ला मुंबई राज्याचे महाराष्ट्र आणि गुजरात झाले तेव्हाही पाया हद्दीचाच होता. म्हणजे काहीच स्पष्ट नसेल तर आधी माल कुठे आहे ते बघायचं, पण तो विशिष्ट कामासाठी घेतला असेल तर काम वरचढ. तुमच्या दोन ऑफिसांच्या वादाला हे कायदे लागू होत नाहीत, पण बैठकीत तोडगा सुचवताना ही विचाराची रीत वापरता येते, आणि विभागाची पुनर्रचना झाली, एका ऑफिसचं विभाजन झालं की तर फारच.

वाद कळला त्याच आठवड्यात करायचं काम म्हणजे संयुक्त मोजणी. दोन्ही ऑफिसांचा एकेक माणूस, जमलं तर तिसऱ्या ऑफिसचा एक, आणि प्रत्येक वस्तूचा अनुक्रमांक, बॅच नंबर, मुदत संपायची तारीख, अवस्था, सील आहे की फुटलेलं, हे सगळं पंचनाम्यासारखं लिहायचं आणि तिथेच सह्या. "सुमारे ४० पेट्या" असं कधीच नाही. समोरच्यानं यायला नकार दिला तर आदल्या दिवशी ईमेल करून वेळ कळवल्याची नोंद ठेवून तुम्ही करा. मोबाइलवर फोटो काढा पण लक्षात ठेवा, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे आणि त्याच्या कलम ६३ प्रमाणे फोटो, व्हॉट्सॲप, ईमेल कोर्टात द्यायचे तर सोबत प्रमाणपत्र लागतं, म्हणून ज्या फोनमधून फोटो काढला तो फोन आणि मूळ फाइल जपा, फॉरवर्ड करून करून आलेली कॉपी नाही.

आणि मुदत असलेला माल असेल, औषधं, लस, बियाणं, तर मालकीचा निर्णय व्हायची वाट बघत बसूच नका. दोघांनी लिहून घ्यायचं की हक्काबद्दलचं आपापलं म्हणणं राखून ठेवून हा माल अमुक ठिकाणी वापरला जाईल, ज्याचा ठरेल त्याला तेवढाच माल किंवा किंमत परत. एवढं एक पत्र केलं की माल लोकांपर्यंत जातो आणि वाद वादाच्या जागी राहतो. यापेक्षा जास्त कळकळीनं मी या लेखात दुसरं काहीच सांगत नाहीये. मुदत संपलेली औषधं शेवटी ज्याला मिळतात त्याला निर्लेखनाचा, म्हणजे माल नोंदवहीतून काढून टाकायचा, प्रस्ताव करत बसावं लागतं, जिंकून हातात हेच येतं.

पत्र कसं लिहायचं. पहिलं पत्र साधं, कार्यालयप्रमुखांच्या सहीनं, आणि त्यात आरोप नको, "आपल्या कार्यालयाने अनधिकृतपणे" वगैरे शब्द काढून टाका. असं लिहा: "संदर्भीय खरेदी आदेशान्वये या कार्यालयासाठी मंजूर झालेले साहित्य आपल्या भांडारात उतरविण्यात आल्याचे चलनावरून दिसून येते. मान्यता आदेश, मागणीपत्र व चलनाची प्रत सोबत जोडली आहे. सदर साहित्याबाबत आपले अभिप्राय व आपल्या नोंदवहीतील नोंदीची प्रत दिनांक अमुकपर्यंत मिळावी." बस. प्रत मागणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण समोरच्याला नोंद शोधावी लागते आणि निम्मे वाद तिथेच संपतात, त्यांनाच दिसतं की आपल्याकडे नोंद नाही. उत्तर नाही आलं तर स्मरणपत्र, मग वरिष्ठ अधिकाऱ्याचं अर्धशासकीय पत्र, मग बैठक. बैठकीचं इतिवृत्त त्याच दिवशी फिरवा, चार दिवसांनी कुणालाच आठवत नाही कोण काय कबूल झालं होतं.

एकाच राज्याच्या विभागांमध्ये मग जिल्हाधिकारी किंवा विभागीय आयुक्त, तिथे नाही जमलं तर दोन्ही विभागांचे सचिव, विधी व न्याय विभागाचे अभिप्राय, वित्त विभाग, आणि शेवटी मुख्य सचिव. वर पाठवताना एक पानी तक्ता जोडा, डाव्या रकान्यात आपलं म्हणणं, उजव्यात त्यांचं, आणि प्रत्येक म्हणण्यासमोर कागदाचा पान नंबर. त्यांचं म्हणणं प्रामाणिकपणे लिहा, कापून नको, सचिवांना दोन्ही बाजू एका पानावर मिळाल्या की निर्णय लवकर होतो.

केंद्रात यासाठी ठरलेल्या यंत्रणा आहेत. पूर्वी सुप्रीम कोर्टाच्याच १९९१ पासूनच्या ओएनजीसीच्या आदेशांमुळे सरकार आणि सरकारी कंपन्यांच्या वादांना कोर्टात जायच्या आधी एका समितीची परवानगी लागायची. त्यातून उशीरच होतोय म्हणून १७ फेब्रुवारी २०११ ला इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनच्या केसमध्ये पाच न्यायमूर्तींच्या खंडपीठानं ते आदेश मागे घेतले. त्यामुळे अजूनही कुणी "समितीची परवानगी कुठंय" असं विचारत असेल तर ते जुनं झालं. आता केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांच्या आपसातल्या किंवा सरकारी विभागांशी असलेल्या व्यापारी वादांसाठी २२ मे २०१८ ची एएमआरसीडी नावाची व्यवस्था आहे, दोन पायऱ्यांची, पहिल्या पायरीला दोन्ही मंत्रालयांचे सचिव आणि विधी व्यवहार विभागाचे सचिव, दुसऱ्या पायरीला कॅबिनेट सचिव आणि त्यांचा निर्णय अंतिम. रेल्वे, आयकर, कस्टम्स आणि एक्साइजचे वाद यातून वगळलेत.

आता समोरचा खरंच वेगळा आहे आणि कोर्टात जावंच लागणार असं ठरलं तर मुदतीचं गणित आधी. इथे फार मोठी दरी आहे आणि ती माहीत नसल्यामुळे नुकसान होतं. मुदत कायदा १९६३ च्या अनुच्छेद ११२ प्रमाणे केंद्र किंवा राज्य सरकारला दावा लावायला ३० वर्षं मिळतात. पण ही सवलत सरकारला आहे, महामंडळाला नाही, जिल्हा परिषदेला नाही, सरकारी कंपनीला नाही. त्यांना दिलेल्या मालाची किंमत वसूल करायची किंवा चुकीनं नेलेली वस्तू परत मागायची तर साधारण ३ वर्षंच. आपणही सरकारच आहोत या समजुतीत महामंडळं पत्रव्यवहार करत राहतात आणि ३ वर्षं निघून जातात, नुसत्या स्मरणपत्रांनी मुदत वाढत नाही. वाढते ती कलम १८ नं, म्हणजे मुदत संपायच्या आत समोरच्यानं लेखी आणि सहीनिशी कबुली दिली तर. "आपले साहित्य या कार्यालयास प्राप्त झाले असून निधी उपलब्ध होताच रक्कम अदा करण्यात येईल" असं एक सहीचं पत्र आलं की त्या तारखेपासून नवी मुदत. म्हणून असं पत्र मिळालं तर ते वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, आणि तुम्हीच असं पत्र देणार असाल तर विधी शाखेला दाखवल्याशिवाय सही करू नका.

सरकारवर दावा लावायचा तर दिवाणी संहितेच्या कलम ८० ची नोटीस, आणि ती देऊन दोन महिने थांबायचं. राज्य सरकार असेल तर सचिव किंवा जिल्हाधिकारी, रेल्वे असेल तर महाव्यवस्थापक यांना. हे दोन महिने मुदतीतून वगळले जातात. फारच तातडी असेल तर ८० च्या पोटकलम २ खाली कोर्टाची परवानगी घेऊन नोटिशीशिवाय दावा लावता येतो. उलट महापालिका, जिल्हा परिषद यांच्यावर जायचं असेल तर त्यांच्या स्वतःच्या कायद्यात नोटिशीची अट काय आहे ते वकिलाकडून बघून घ्या. करारात लवादाचं कलम असेल तर दावा न लावता आधी तिकडे.

दाव्यासोबत अर्ज कुठला टाकायचा हे मालावर अवलंबून. माल हलवला जाईल अशी भीती असेल तर दिवाणी संहितेच्या आदेश ३९ नियम १ आणि २ खाली मनाई हुकूम, मोजदाद आणि जपणूक हवी असेल तर नियम ७, आणि लवकर खराब होणारा असेल तर नियम ६ खाली तो विकून पैसे कोर्टात ठेवायचा आदेश मागता येतो. हा नियम ६ लोक वापरतच नाहीत, बियाणं आणि खाद्याच्या वादात तर तो पहिल्याच दिवशी मागायला हवा. शिवाय आदेश २७ नियम ५-ब प्रमाणे सरकार पक्षकार असलेल्या दाव्यात तडजोडीसाठी मदत करणं हे कोर्टाचं कर्तव्यच आहे, तुमच्या वकिलाला ते पहिल्या तारखेला कोर्टाच्या लक्षात आणून द्यायला सांगा. सरकारशी झालेला लेखी करार राज्यघटनेच्या कलम २९९ च्या नमुन्यात नसेल, म्हणजे राज्यपालांच्या नावानं अधिकृत माणसानं केलेला नसेल, तर करारावर पैसे मागता येत नाहीत, पण माल वापरला गेलाय तर करार कायद्याच्या कलम ७० खाली भरपाई मागता येते, हे बी. के. मंडल केसमध्ये १९६२ पासून ठरलेलं आहे.

वाद मिटला, बैठकीत किंवा कोर्टात, तरी काम संपत नाही. निर्णयाची प्रत घेऊन दोन्ही नोंदवह्यांत नोंद करायची, एकीकडे कमी, दुसरीकडे जमा, दोन्हीकडे त्याच आदेशाचा क्रमांक आणि तारीख, आणि दोन्ही कार्यालयप्रमुखांची सही. किंमत द्यायची असेल तर पुस्तकी समायोजन, म्हणजे फक्त हिशेबात वळती, होणार की धनादेश, ते लेखा शाखेनं कोषागाराला विचारून ठरवायचं. लेखापरीक्षणाचा परिच्छेद, म्हणजे ऑडिटचा आक्षेप, निघाला असेल तर त्याचं अनुपालन त्याच महिन्यात महालेखापालांकडे पाठवा, आणि भांडारपालाची बदली होणार असेल तर चार्जच्या यादीत हा माल वेगळ्या ओळीत, आदेशाच्या क्रमांकासकट दाखवून नव्या माणसाची सही घ्या.